डोळ्यांतली लेन्स आणि हिशेबाची वही

मैत्रिणींनो, महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या हिशेबाच्या वहीत काय काय उतरतं? दूध, किराणा, वीज, गॅस, क्लासची फी, भिशीचा हप्ता... नेहमीच्याच ओळी. आमच्या वहीत मात्र गेली तीन वर्षं आणखी एक ओळ येऊन बसली आहे: 'लेन्स व सोल्यूशन'. पहिल्यांदा ती लिहिली तेव्हा माझा हात जरा अडखळलाच. डोळ्यांत घालायच्या एवढ्याशा चकत्या, फुंकर मारली तर उडून जातील, आणि त्यांना एवढे पैसे!

आम्ही राजारामपुरीत राहतो. मुख्य रस्त्यावर नुसतं मारुतीच्या देवळापासून जनता बझारपर्यंत चालत गेलं तरी डोळ्यांचे दवाखाने आणि चष्म्यांची दुकानं किती लागतात, ते इथल्या बायकांना सांगायला नको. कोल्हापूरच काय, आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसंही दवाखान्यासाठी इथंच उतरतात. त्यामुळे लेन्स मिळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती परवडण्याची. आणि परवडावी म्हणून आपण ज्या युक्त्या करतो, त्यांतल्या काही कशा अंगाशी येतात, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं. म्हणून आज हा सगळा हिशेब तुमच्यापुढं मांडते आहे. यात कात्री कुठं लावायची तेही आहे, आणि कुठं मुळीच लावायची नाही तेही आहे.

माझी काटकसर

आमची थोरली कॉलेजात गेली आणि तिला चष्मा नकोसा झाला. नंबर वजा साडेचार. तिसरीपासूनचा चष्मा तो, नाकावर दोन वळ कायमचे. "आई, वर्गात सगळ्या लेन्स घालतात," असं तिनं महिनाभर ऐकवलं. शेवटी ह्यांनीच कौल दिला, "घेऊन टाका एकदाच्या." आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी तपासून महिन्याला बदलायच्या लेन्स दिल्या, घालायला-काढायला शिकवलं, सूचनांचा कागदही दिला. तो कागद मी नेमानं कपाटात ठेवला. म्हणजे पुन्हा वाचलाच नाही!

चार महिने झाले आणि माझ्यातली गृहिणी जागी झाली. एका महिन्याच्या लेन्स काढून टाकायच्या दिवशी मी त्या हातावर घेऊन पाहिल्या. स्वच्छ, आरपार, कुठं चीर नाही. मी म्हटलं, "अगं, या तर नव्यासारख्या आहेत. अजून पंधरा दिवस चालव की." पंधराचे महिना झाला, महिन्याचे दोन. सोल्यूशनचंही तसंच. रोज डबीतलं सगळं ओतून नवं भरायचं, हे मला उधळेपणाचं वाटे. "कालचं राहू दे, वर थोडं घाल," असा सल्ला मीच दिला. उरलेल्या भाजीत रस्सा वाढवावा तशी!

एका शुक्रवारी संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती डोळा झाकूनच. डोळा लालभडक, पाणी वाहतंय, दिव्याकडं बघवत नाही. मला वाटलं, केएमटीच्या बसमध्ये धूळ गेली असेल. रात्री गुलाबपाण्याची घडी ठेवली. सकाळी बुबुळावर कडेला एक पांढरा ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. आपल्या आज्या म्हणायच्या ना, 'डोळ्यात फूल पडलं', ते आठवलं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "लेन्स केव्हा बदलली होती?" पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली.

बुबुळाच्या काचेला जंतूंची लागण होऊन जखम झाली होती. पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. गजर लावून मी उठत होते आणि उठताना दर वेळी स्वतःला बोल लावत होते. तीन आठवडे दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, एक परीक्षा बुडाली. औषधांचं आणि तपासण्यांचं बिल वहीत लिहिलं आणि बेरीज केली, तेव्हा ते तिच्या वर्षभराच्या लेन्सच्या पुढं गेलं होतं. मी वाचवले होते जेमतेम दोन महिन्यांचे पैसे. जखम कडेला होती म्हणून नजर वाचली. "मध्यभागी असती, तर डाग कायमचा नजरेच्या आड आला असता," असं डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

या चकत्यांना तारीख का असते?

त्यानंतर मी तो कपाटातला कागद काढला आणि समजून घ्यायला बसले. आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू तो बराचसा सरळ हवेतून, डोळ्यांतल्या पाण्यामार्फत घेतो. लेन्स घातली की त्या खिडकीवर पडदा ओढल्यासारखं होतं. चांगल्या लेन्समधून प्राणवायू आत जातो, पण वापर होत जाईल तसे तिच्यावर डोळ्यांतल्या पाण्यातले क्षार, स्निग्धता आणि प्रथिनं यांचे थर बसतात. ते आपल्या नजरेला दिसत नाहीत. जंतूंना मात्र चिकटून राहायला तेवढं पुरतं. म्हणून 'नव्यासारखी दिसते' हा पुरावा इथं चालत नाही. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना. मधले दहा दिवस घातलीच नाही, तरी तारीख पुढं सरकत नाही.

मऊ लेन्सची जन्मकथा तुम्हाला नक्की आवडेल, कारण ती एका स्वयंपाकघरातली आहे. ओटो विख्टर्ले नावाचे एक झेक रसायनशास्त्रज्ञ होते. पाणी शोषून मऊ राहणारा पदार्थ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं शोधला होता, पण त्याच्या लेन्स नीट बनत नव्हत्या. तेव्हा १९६१ च्या नाताळात त्यांनी प्रागमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक गरगर फिरणारं यंत्र बनवलं आणि त्यावर लेन्स ओतल्या. पत्नी लिंडाबाई मदतीला होत्याच. पुढच्या काही महिन्यांत नवराबायकोंनी मिळून हजारो लेन्स बनवल्या! पुढं हे तंत्र अमेरिकेत गेलं आणि १९७१ मध्ये तिथं मऊ लेन्सच्या विक्रीला परवानगी मिळाली.

त्या काळी एकच जोडी वर्ष-दीड वर्ष चालवायची, रोज उकळून निर्जंतुक करायची, अशी रीत होती. मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करणारेही होते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा घरगुती सलाइनमुळं डोळ्यांना अमीबाची लागण झाल्याचं आढळलं आणि ती युक्ती बंद पडली. तेव्हा एखाद्या जुन्या जाणत्या मावशींनी "आम्ही तर मिठाच्या पाण्यात ठेवायचो" असं सांगितलं, तर हसून मान डोलवा, पण ऐकू नका. मऊ लेन्स एकदाच वापरून टाकण्याइतक्या स्वस्त झाल्या त्या १९८७-८८ च्या पुढं. आपला हिशेब तिथूनच सुरू होतो.

पेटीची किंमत नको, दिवसाची किंमत काढा

दुकानात गेलं की आपण पेटीवरची किंमत बघतो. हीच पहिली चूक. साडीचा भाव नगावर, पण लेन्सचा भाव दिवसावर काढायचा. खालचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून सोयीचे घेतले आहेत. तुम्ही त्या जागी तुमच्या दुकानातले आकडे भरा.

समजा, महिन्याच्या लेन्सची सहाची पेटी ९०० रुपयांना आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर ती तीन महिने पुरते. म्हणजे महिन्याला ३०० रुपये. पण थांबा, सोल्यूशन राहिलं. मोठी बाटली ४५० रुपयांची, रोज नीट चोळून-धुवून वापरली तर दीड महिना धरा. महिन्याला आणखी ३००. म्हणजे लेन्सएवढाच खर्च तिच्या पाण्याचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नाही, तरी निम्म्याला निम्मा मसाला आहेच! एकूण महिन्याला ६००. रोज घालणारीला दिवसाचे २० रुपये पडले.

आता एका दिवसाची लेन्स. सकाळी पाकीट फोडायचं, रात्री टाकून द्यायची. तीसची पेटी समजा १,५०० रुपयांची. एक लेन्स ५० ची, जोडी १०० ची. दिवसाचे १०० रुपये! ऐकूनच आपण मागं सरतो. पण यात सोल्यूशन नाही, डबी नाही, आणि न घातलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. ज्या दिवशी घालाल त्या दिवशीचेच शंभर.

आता सांगा, महिन्यातून चारच दिवस लेन्स घालणाऱ्या वहिनींना काय परवडेल? एक बारसं, एक लग्न, एक हळदीकुंकू आणि एखादं नाटक. दिवसाच्या लेन्सचे झाले ४००. महिन्याच्या घेतल्या असत्या तर चार दिवस घाला की तीस दिवस, ६०० गेलेच. आपल्या या आकड्यांत सहा दिवस ही सीमारेषा आहे. सहा दिवसांच्या आत असाल तर 'महाग' दिसणारी लेन्स स्वस्त पडते. त्याच्या वर गेलात की महिन्याची बरी.

वर्षभर चालणाऱ्या लेन्सही मिळतात. त्यांचा दिवसाचा भाव आणखी कमी दिसतो, पण सोल्यूशनचा खर्च काही सुटत नाही. शिवाय एक लेन्स बेसिनमधून वाहून गेली किंवा नखानं फाटली की उरलेल्या वर्षाचे पैसे तिच्याबरोबर गेले. जितकी जुनी तितके थर जास्त, हेही आहेच. मोठा नंबर किंवा बुबुळाचा आकार टोकदार होण्याचा विकार असेल, तर डॉक्टर कधीकधी कडक लेन्स सुचवतात. तिची किंमत ऐकून घाबरायला होतं, पण नीट सांभाळली तर ती मऊ लेन्सपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. तेव्हा तिथंही दिवसाचाच भाव काढा.

कात्री इथं लावा

पहिली गोष्ट, आपला लेन्सचा नंबर लेखी मागून घ्या. चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा, असं नसतं. चष्मा डोळ्यांपासून थोडा दूर असतो, लेन्स डोळ्यांवरच बसते. त्यामुळं मोठ्या नंबरात फरक पडतो. चष्मा वजा सहा असेल तर लेन्स बहुधा वजा साडेपाचची लागते. शिवाय लेन्सची वक्रता, म्हणजे बीसी, आणि व्यास, म्हणजे डीआयए, हेही त्या कागदावर हवं, कंपनीच्या नावासकट. हा कागद हातात असला की तुम्ही एका दुकानाला बांधलेल्या राहत नाही. राजारामपुरीत विचारा, महाद्वार रोडला विचारा, मुलांना सांगून इंटरनेटवरचा भाव बघा. आपण वांगी घेताना तीन गाड्या फिरतो, मग इथं का नाही? मात्र भाव वेगळा असला तरी लेन्स तीच हवी. "तसलीच दुसऱ्या कंपनीची" चालत नाही. चपलेचा नंबर तोच असला तरी दुसऱ्या कंपनीची चप्पल चावते, तसंच हे.

दुसरी गोष्ट, कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉन्टॅक्ट लेन्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावती घ्या आणि त्यावर कर किती लावला ते बघा. पावती घेतल्यानं आणखी एक होतं. पेटीत फाटकी लेन्स निघाली तर दुकानदाराकडं बोलायला तोंड राहतं.

तिसरी, आडव्या नंबरची. पुष्कळजणींना चष्म्यात थोडा सिलिंड्रिकल नंबर असतो. त्यासाठी वेगळी, टोरिक लेन्स मिळते आणि ती चांगलीच महाग असते. हा नंबर पाऊण किंवा त्याहून कमी असेल तर साध्या लेन्सनं भागतं का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा भागतं. विचारायला पैसे पडत नाहीत. पण उत्तर त्यांचं, आपलं नव्हे.

चौथी, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन पेट्या घ्याव्या लागतात आणि त्या सहा महिने जातात. मग पेटीवरची अंतिम तारीख बघून घ्या. 'दोनावर एक फुकट' च्या मोहात वर्षा-दीड वर्षाचा साठा करू नका. मधेच नंबर बदलला तर सगळं वाया.

पाचवी, डबीला वेगळे पैसे घालू नका. सोल्यूशनच्या बाटलीबरोबर बहुधा नवी डबी येतेच. आली की जुनी फेकून द्या. जुनी ठेवून नवी 'पाहुण्यांसाठी' जपण्याची आपली सवय इथं उपयोगाची नाही. आणि कधीमधी लेन्स घालणारीनं सोल्यूशनची मोठी बाटली घेऊ नये. उघडल्यापासून किती दिवसांत संपवायची, ते बाटलीवर छापलेलं असतं. बाटली उघडल्याची तारीख पेनानं तिच्यावरच लिहा, लोणच्याच्या बरणीवर लिहितो तशी.

सहावी आणि सगळ्यांत मोठी बचत म्हणजे चांगला चष्मा. होय, चष्माच! लेन्स घेतली की आपण चष्म्याकडं दुर्लक्ष करतो, दोन नंबर जुना, काडी तुटलेला. मग डोळा जरा लाल असला तरी लेन्सच घालावी लागते, कारण दुसरं काही नाही. साध्या फ्रेमचा, आजच्या नंबरचा चष्मा घरात असला, की लेन्सचे दिवस आपोआप कमी होतात. नंबर तपासायचाच असेल तर आपल्या सीपीआर रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. तिथं थोडा वेळ मोडतो, पण खिशाला झळ लागत नाही.

"मग एकदाच ऑपरेशन करून नंबर काढून टाकला तर?" असं काहीजणी विचारतात. नंबर स्थिर झाला असेल आणि तपासणीत डोळा योग्य ठरला, तर तोही एक मार्ग आहे. त्या रकमेला तुमच्या लेन्सच्या वर्षाच्या खर्चानं भागून बघा, किती वर्षांत फिटतं ते कळेल. पण चाळिशी कुणाला चुकत नाही. ऑपरेशन झालं तरी पोथी वाचायला, सुईत दोरा ओवायला पुढं चष्मा लागणारच, हेही धरून चला.

कात्री इथं लावू नका

आता दुसरी यादी. यातली एकेक गोष्ट मी गजर लावून उठताना शिकले आहे.

तारीख ओलांडू नका. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्या, डबी ताज्या सोल्यूशननं विसळा, पुसून उपडी ठेवा, रात्री पुन्हा नवं भरा. सोल्यूशनऐवजी पाणी नको. नळाचं नको, ॲक्वागार्डचं नको, उकळून गार केलेलंही नको. पाण्यातला अमीबा दिसत नाही, पण डोळ्यांत शिरला तर महिनोन् महिने हटत नाही. म्हणून लेन्स घालून न्हायचं नाही, पोहायचंही नाही. साधं सलाइन स्वस्त मिळतं, पण ते फक्त धुतं, जंतू मारत नाही. लेन्स खाली पडली तर थुंकी लावून पुन्हा घालणं, हे तर नकोच नको.

लेन्स घालून झोपू नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघालात तर डबी, सोल्यूशनची छोटी बाटली आणि चष्मा पर्समध्ये हवा. "आता कोण काढत बसतंय" म्हणून घातलेल्या एका झोपेचा भुर्दंड मोठा असतो. दिवसाची लेन्स असेल तर काढून टाकून द्या, पर्समध्ये जपून ठेवू नका. ती दुसऱ्या दिवशी घालायची नसते.

कोल्हापुरात राहणाऱ्या आपल्याला एक जास्तीची काळजी. चटणीचे दिवस! मिरच्या भाजताना, कांडपावर जाताना, चटणीत कांदा-लसूण कालवताना चष्माच बरा. तिखटाचे हात दोनदा साबणानं धुतले तरी बोटाच्या पेराला ते राहतंच, आणि संध्याकाळी लेन्स काढताना जे होतं ते शत्रूलाही नको. तांबड्या रश्श्याचा वाटा जिभेला द्यावा, डोळ्याला नको. रंगपंचमीलाही लेन्स घरी ठेवा. गॅसजवळ उभं राहिलं की लेन्स वितळते, अशी एक भीती मात्र उगाच आहे. रोजच्या स्वयंपाकाच्या आचेनं तसं काही होत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लेन्स कुणाची कुणाला नाही. हल्ली नवरीच्या मेकअपमध्ये घाऱ्या, करड्या रंगाच्या लेन्सची टूम आहे. काही ठिकाणी एकच जोडी या नवरीच्या डोळ्यांतून त्या नवरीच्या डोळ्यांत जाते. बायांनो, आपण दुसरीचा कंगवा वापरत नाही, आणि दुसरीच्या डोळ्यांतली लेन्स? नंबर नसलेली रंगीत लेन्ससुद्धा डॉक्टरांनी डोळा मापून दिलेलीच घ्यावी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं असावं. लग्नाचा एवढा खर्च करतो, त्यात एका दिवसाच्या कोऱ्या जोडीचे पैसे जड नाहीत.

कुणासाठी हा खर्च?

शेवटी एक मनातली गोष्ट. या लेन्सच्या खर्चामागं पुष्कळ घरांत 'बघायला येणार आहेत' हे कारण असतं. "मुलीला चष्मा आहे का?" हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि आपणही तो निमूटपणे ऐकतो. पोरीनं स्वतःच्या हौसेनं लेन्स घातली, खेळण्यासाठी घातली, चष्म्याचा कंटाळा आला म्हणून घातली, तर आनंदानं पैसे द्यावेत. पण कुणापासून चष्मा लपवण्यासाठी घातली, तर तो खर्च महिन्याला संपत नाही. लग्नानंतर सासरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लेन्स घालणारी एक नवी सून मला माहीत आहे. रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर ती लेन्स काढायची. तिच्या डोळ्यांना विश्रांती कधी मिळत असेल? पुढं सासूबाईंनीच तो प्रश्न सोडवला. म्हणाल्या, "अगं, मला बाराव्या वर्षापासून चष्मा आहे. घाल की तुझा." एवढंच हवं होतं.

आमच्या थोरलीनं त्या दुखण्यानंतर सहा महिने लेन्सचं नावच काढलं नाही. मग एक दिवस स्वतःच वही घेऊन बसली, सहा दिवसांच्या रेषेचा तो हिशेब तिनंच मांडला आणि दिवसाच्या लेन्सवर आली. आता रोज कॉलेजात चष्मा, गॅदरिंगला नि लग्नाकार्याला लेन्स. बुबुळाच्या कडेचा तो ठिपका फिकट झाला आहे, पण उजेडात नीट पाहिलं की मला दिसतो. तिला आरशात दिसत नाही म्हणते. वहीतल्या त्या ओळीचा आकडा मात्र निम्म्याच्या खाली आला आहे, आणि तो लिहिताना आता हात अडखळत नाही.

कपाटाच्या दाराला चिकटवण्यासाठी

• लेन्सला हात लावण्याआधी हात साध्या साबणानं धुवा, स्वच्छ रुमालानं कोरडे करा.

• आधी लेन्स, मग काजळ-पावडर. रात्री आधी लेन्स काढा, मग तोंड धुवा.

• पाकीट फोडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेला लेन्स कचऱ्यात.

• डबी तीन महिन्यांच्या आत बदला. सोल्यूशन रोज नवं. पाणी कधीच नाही.

• वर्षातून एकदा डोळे दाखवा, काही त्रास नसला तरी.

• डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा. घरातले उरलेले थेंब घालू नका, गुलाबपाणी नको, पट्टी बांधू नका. लेन्स आणि डबी बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्यावर टाकू नका. मी टाकलं होतं.